मास्तर ते मंत्री : नेमणूकपत्रापासून मंत्रालयापर्यंत

शिक्षकी पेशातून राजकारणात आणि पुढे मंत्रिमंडळात गेलेल्यांबद्दलच्या लेखानंतर वाचकांचे बरेच प्रश्न आले. सारखे प्रश्न एकत्र करून ही उत्तरं दिली आहेत.

प्रश्न : जिल्हा परिषदेच्या प्राथमिक शाळेत माझी तेवीस वर्षं सेवा झाली. एका पक्षाकडून विधानसभेसाठी विचारणा आहे. बिनपगारी रजा टाकून लढायचं आणि पडलो तर पुन्हा शाळेत रुजू व्हायचं, असं जमेल का? — एक प्राथमिक शिक्षक

नाही जमणार. तुम्हाला महाराष्ट्र जिल्हा परिषद जिल्हा सेवा (वर्तणूक) नियम, १९६७ लागू आहेत. मतदान करण्यापलीकडे निवडणुकीत भाग घ्यायला त्यात वाव नाही. पगारी असो वा बिनपगारी, रजेवरचा माणूस सेवेतच असतो. त्यामुळे उमेदवारी अर्ज भरला की शिस्तभंगाची कारवाई ओढवली म्हणून समजा.

म्हणजे सेवेतून बाहेर पडणं आलं. बाहेर पडायचे रस्ते दोन, आणि त्यांतला फरक पुष्कळांना फार उशिरा कळतो. महाराष्ट्र नागरी सेवा (निवृत्तिवेतन) नियम, १९८२ मधला नियम ४६ सांगतो की राजीनामा दिला की आधीची सेवा निवृत्तिवेतनासाठी मोजली जात नाही. तुमची नेमणूक १ नोव्हेंबर २००५ पूर्वीची, म्हणजे जुनी पेन्शन. तेवीस वर्षांची ती कमाई एका कागदाने जाईल. नियम ६६ मात्र वीस वर्षांची अर्हताकारी (निवृत्तिवेतनासाठी मोजली जाणारी) सेवा झालेल्यांना तीन महिन्यांची नोटीस देऊन स्वेच्छानिवृत्ती घेऊ देतो. तुम्ही त्यात बसता. नोटीस देण्याआधी सेवापुस्तकातली वीस वर्षं खरोखर ‘अर्हताकारी’ आहेत ना, हे पडताळून घ्या. असाधारण रजा, सेवाखंड, नोंद न झालेला सुरुवातीचा काळ यामुळे कागदावरची तेवीस वर्षं एकोणीसवर आलेली दिसतात.

आता तारखा. पात्रता बघितली जाते ती अर्जांच्या छाननीच्या दिवशी. लोकप्रतिनिधित्व कायद्याप्रमाणे अधिसूचना निघाल्यापासून सातव्या दिवशी अर्जांची मुदत संपते आणि दुसऱ्या दिवशी छाननी होते. २०२४ च्या विधानसभेचंच पाहा. कार्यक्रम जाहीर झाला १५ ऑक्टोबरला, अधिसूचना २२ ला, अर्जांची शेवटची तारीख २९ आणि छाननी ३० ऑक्टोबर. घोषणेपासून छाननीपर्यंत पुरते पंधरा दिवस. तीन महिन्यांची नोटीस त्यात बसवणार कशी? ज्याला त्या वेळी उभं राहायचं होतं, त्याची नोटीस जुलै संपण्याआधी मुख्य कार्यकारी अधिकाऱ्यांच्या कार्यालयात पोचायला हवी होती. तिकिटं तर ऑक्टोबरच्या शेवटच्या आठवड्यापर्यंत वाटली जात होती. थोडक्यात, तिकीट हातात नसताना नोकरी सोडायची की नाही, हा निर्णय तुम्हाला तीन महिने आधी घ्यावा लागतो. पक्षाचे लोक ‘तुम्ही राजीनामा द्या, बाकीचं आम्ही बघतो’ म्हणतात. नियम ४६ त्यांना लागू नसतो.

नोटिशीच्या प्रतीवर आवक क्रमांक आणि तारीख घ्या. चौकशी प्रलंबित असेल किंवा वसुली निघत असेल तर ते आधी मिटवा, प्रकरण अडतं ते बहुतेक तिथेच. आणि पडल्यावर परत रुजू होण्याची आशा ठेवू नका.

प्रश्न : मी अनुदानित माध्यमिक शाळेत आहे. मुख्याध्यापक म्हणतात, पगार सरकारच्या तिजोरीतून येतो, म्हणून हे ‘लाभाचं पद’ झालं आणि अर्ज बाद होणार. खरं का? — एक माध्यमिक शिक्षिका

मुख्याध्यापकांची भीती प्रामाणिक आहे, पण तर्क अर्धवट. संविधानाच्या अनुच्छेद १९१ मध्ये अपात्रता येते ती शासनाच्या अखत्यारीतलं लाभाचं पद धारण केल्यामुळे. पैसा कुठून येतो हा त्यातला एक प्रश्न झाला. नेमणूक कोण करतं, काढून कोण टाकू शकतं, रोजच्या कामावर ताबा कोणाचा, हे बाकीचे. १९९२ मध्ये सर्वोच्च न्यायालयापुढे आंध्र प्रदेशातलं प्रकरण आलं होतं. आदिवासी विकास यंत्रणेच्या एकशिक्षकी शाळेतला शिक्षक आमदार झाला होता. यंत्रणेला सरकारचा पैसा होता, तरी ते शासनाखालचं लाभाचं पद नाही, असा निकाल लागला.

तुमची नेमणूक संस्थेने केली आहे. शिक्षणाधिकाऱ्यांनी दिली ती मान्यता, नेमणूक नव्हे. छाननीच्या टेबलावर हाच फरक दाखवावा लागतो. विरोधी उमेदवाराचा वकील तुमची ‘शालार्थ’ या सरकारी वेतन प्रणालीतली वेतनचिठ्ठी पुढे करतो, कारण ती दिसायला सरकारी दिसते. त्या वेळी तुमच्या फाइलमध्ये संस्थेच्या सचिवांच्या किंवा अध्यक्षांच्या सहीचं मूळ नेमणूकपत्र, मान्यतेचं पत्र वेगळं, निवडणूक लढवण्यासाठी संस्थेने दिलेली लेखी परवानगी आणि प्रचारकाळातल्या रजेचा आदेश हवा. तुमची सेवा १९७७ च्या खासगी शाळा कर्मचारी अधिनियमाखाली आणि १९८१ च्या नियमावलीखाली आहे. तोंडी ‘जा तुम्ही’ म्हणणारी संस्था निकालानंतर कारणे दाखवा नोटीस काढते, म्हणून परवानगी लेखीच घ्या.

शासकीय आश्रमशाळेतल्या शिक्षकाने मात्र हे उत्तर स्वतःला लावू नये. त्याची नेमणूक थेट शासनाची. अनुदानित आश्रमशाळेतला शिक्षक पुन्हा संस्थेचा. पाटीवर दोन्हीकडे ‘आश्रमशाळा’च असतं!

केरळच्या के. के. शैलजा यांचं उदाहरण इथे उपयोगी आहे. कन्नूर जिल्ह्यातल्या शिवपुरमच्या हायस्कूलमध्ये त्या विज्ञान शिकवत. १९९६ मध्ये कूथुपरंबा मतदारसंघातून आमदार झाल्या आणि शाळेतून स्वेच्छानिवृत्ती घेतली ती २००४ मध्ये, पूर्णवेळ राजकारणासाठी. आधी निवडून येणं, मग नोकरी सोडणं. हा क्रम जिल्हा परिषदेच्या शिक्षकाला शक्यच नाही.

अर्जाबद्दल दोन ओळी. अनामत १०,००० रुपये, अनुसूचित जाती-जमातीच्या उमेदवाराला ५,०००. मान्यताप्राप्त पक्षाच्या उमेदवाराला एक सूचक पुरतो, अपक्षाला दहा लागतात. नमुना २६ च्या शपथपत्रात एकही रकाना कोरा सोडू नका. लागू नसेल तिथे ‘निरंक’ किंवा ‘लागू नाही’ लिहा. कोरा रकाना भरून देण्याची सूचना मिळूनही तो तसाच राहिला तर अर्ज फेटाळता येतो, हे सर्वोच्च न्यायालयाने २०१३ मध्ये स्पष्ट केलं आहे. आयुष्यभर मुलांच्या कोऱ्या जागा तपासणारी माणसं नेमकी इथे चुकतात.

प्रश्न : माझे पती नगरसेवकपदासाठी उभे आहेत, मी सरकारी शाळेत शिक्षिका आहे. मतदान केंद्रावर त्यांची प्रतिनिधी म्हणून बसले तर चालेल?

बसू नका. विधानसभा-लोकसभेत सरकारी सेवकाने निवडणूक, मतदान किंवा मतमोजणी प्रतिनिधी होणं हा लोकप्रतिनिधित्व कायद्याच्या कलम १३४-अ खाली गुन्हा आहे आणि त्याला तीन महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते. नगरपालिकेच्या निवडणुकीतही तुमचे वर्तणूक नियम आडवे येतातच. घरोघरी पत्रकं वाटणं, व्यासपीठावर बसणं, शाळेच्या व्हॉट्सॲप गटावर चिन्ह टाकणं, सगळं त्यातच आलं. मत द्या आणि घरी या. निवडणुकीच्या कामाचा आदेश आला तर पती उमेदवार असल्याचं लेखी कळवा.

प्रश्न : शिक्षक मतदारसंघात प्राथमिक शिक्षकाला मत का नाही? आणि पहिल्या फेरीत पुढे असलेला उमेदवार शेवटी हरतो, हे गणित काय आहे? — दोन वाचक

पहिल्याचं उत्तर संविधानातच आहे. अनुच्छेद १७१ प्रमाणे विधान परिषदेच्या सुमारे एक-बारांश जागा माध्यमिक दर्जाच्या खाली नसलेल्या संस्थांतले शिक्षक निवडून देतात. आपल्या परिषदेच्या ७८ जागांपैकी ७ अशा : मुंबई, कोकण, नाशिक, पुणे, औरंगाबाद, अमरावती आणि नागपूर. प्राथमिक शिक्षक संख्येने कितीही असोत, या यादीत येत नाहीत.

नाव आपोआपही येत नाही. गेल्या वेळी मत दिलं होतं म्हणून या वेळीही नाव असेल, हा सर्वांत महागात पडणारा समज. यादी दर निवडणुकीला नव्याने तयार होते. अर्ज नमुना १९ मध्ये करायचा. १ नोव्हेंबर या अर्हता दिनांकाआधीच्या सहा वर्षांत एकूण तीन वर्षं शिकवलेलं हवं आणि संस्थाप्रमुखाचं तसं प्रमाणपत्र हवं. तुकडी बंद झाल्याने शाळा बदललेल्यांनी दोन्ही शाळांची प्रमाणपत्रं जोडावीत.

गमतीचा भाग असा की मतदार शिक्षकच लागतो, उमेदवार नाही. वय ३० पूर्ण आणि राज्यातल्या कुठल्याही विधानसभा मतदारसंघाच्या यादीत नाव, एवढ्यावर उभं राहता येतं. मुंबई शिक्षक मतदारसंघातून २००६ पासून तीन वेळा निवडून आलेले कपिल पाटील पत्रकारितेतून आले होते. शिवाय विधानसभेच्या उमेदवाराला ४० लाखांची खर्चमर्यादा आहे, तशी मर्यादा इथे नाही. पैठण्या आणि पाकिटांची चर्चा याच निवडणुकीत का रंगते, त्याचं एक कारण हे.

आता गणित. इथे मतदार उमेदवारांपुढे १, २, ३ असे पसंतीचे क्रम लिहितो आणि जिंकायला ठरावीक मतांचा कोटा गाठावा लागतो. आकडे समजण्यापुरते घेतले आहेत. वैध मतं २४,००१. एक जागा असल्याने दोनाने भागायचं, अपूर्णांक सोडायचा आणि एक मिळवायचा. कोटा आला १२,००१. पहिल्या पसंतीची मतं अशी : अ ला ९,८००, ब ला ८,९००, क ला ५,३०१. कोटा कोणीच गाठला नाही, म्हणून तळाचा क बाद. त्याच्या ५,३०१ मतपत्रिका उघडून दुसरी पसंती बघायची. समजा २,९०० वर ब आहे, १,६०० वर अ, आणि ८०१ मतदारांनी दुसरी पसंती लिहिलीच नाही. ब झाला ११,८००, अ झाला ११,४००. कोटा अजूनही कोणाचाच नाही, पण दोघेच उरले, तेव्हा जास्त मतांचा ब विजयी. ज्या ८०१ जणांनी फक्त ‘१’ लिहून पेन खाली ठेवलं, त्यांची मतं निकालाच्या क्षणी कुठेच नव्हती. ‘दुसरी पसंती दिली तर आपल्या माणसाचं मत फुटतं’ हा प्रचार खोटा आहे. पहिल्या पसंतीचा उमेदवार बाद होईपर्यंत दुसरीकडे कोणी बघत नाही.

मत बाद होण्याची कारणं साधी असतात. केंद्रावर दिलेलं जांभळं स्केचपेन सोडून खिशातलं पेन वापरणं, ‘१’ ऐवजी ‘एक’ असं अक्षरात लिहिणं, बरोबरची खूण करणं, दोघांपुढे ‘१’ लिहिणं, सवयीने खाली सही ठोकणं. अंक मराठी चालतो, इंग्रजी चालतो, रोमनही चालतो.

प्रश्न : शिक्षक असलेला माणूस मंत्री झाला की त्याला शिक्षण खातंच का देत नाहीत? — एक निवृत्त मुख्याध्यापक

खातेवाटप मुख्यमंत्री करतात आणि त्यात पक्ष, जिल्हा, जात, ज्येष्ठता यांची बेरीज असते. पेशा त्यात शेवटी येतो. प्राध्यापक एन. डी. पाटील १९७८ ते १९८० सहकारमंत्री होते. द्रौपदी मुर्मू रायरंगपूरच्या शाळेत शिकवत. १९९७ मध्ये तिथल्याच नगर पंचायतीत नगरसेविका, २००० मध्ये आमदार आणि ओडिशाच्या मंत्रिमंडळात वाणिज्य व वाहतूक, पुढे मत्स्य व पशुसंवर्धन. शैलजा यांच्याकडे २०१६ मध्ये आरोग्य आलं. पहिल्यांदा आमदार झाल्यापासून वीस वर्षांनी! २०२१ मध्ये मट्टन्नूरमधून ६०,९६३ मतांनी निवडून येऊनही त्या नव्या मंत्रिमंडळात नव्हत्या, कारण पक्षाने मुख्यमंत्री सोडून सगळेच मंत्री बदलले. मनोहर जोशी यांची चढण आणखी लांबची : शिक्षकी, १९६१ मध्ये कोहिनूर ही तांत्रिक शिक्षण देणारी संस्था, १९६८ मध्ये नगरसेवक, १९७६ मध्ये महापौर आणि १९९५ मध्ये मुख्यमंत्री. यांतल्या दोघांची सुरुवात नगरपालिकेच्या सभागृहातून झाली, हे थेट आमदारकीची स्वप्नं बघणाऱ्यांनी ध्यानात घ्यावं.

खातं मिळाल्याचं उदाहरणही आहे. सिद्धार्थ महाविद्यालयात शिकवणाऱ्या वर्षा गायकवाड २००४ मध्ये धारावीतून आमदार झाल्या आणि डिसेंबर २०१९ ते जून २०२२ शालेय शिक्षणमंत्री होत्या. वडील एकनाथ गायकवाड राजकारणात असल्याने त्यांची वाट अगदी कोरी नव्हती, हेही खरं. त्यांच्या काळात २०२१ ची दहावीची परीक्षा रद्द झाली आणि निकालाचं सूत्र ठरलं : प्रत्येक विषयाच्या १०० गुणांपैकी नववीच्या निकालाचे ५०, दहावीच्या वर्षभरातल्या मूल्यमापनाचे ३०, तोंडी-प्रात्यक्षिकाचे २०. शाळेचं दप्तर कसं असतं हे माहीत असलेल्याला हे सूत्र चटकन पटतं, कारण नववीचा निकाल तेवढा कोविडपूर्व काळातला आणि शाळेत नोंदलेला होता. निकाल लागला ९९.९५ टक्के.

पण त्याच वर्षी अकरावी प्रवेशासाठी सामाईक परीक्षा घेण्याचा शासन निर्णय उच्च न्यायालयाने १० ऑगस्टला रद्द केला. परीक्षा २१ ऑगस्टला ठरली होती. हेतू वाईट नव्हता. अंतर्गत गुणांवर कोणाचा भरवसा नव्हता, म्हणून एक समान चाळणी हवी होती. अडलं ते अधिकारावर. कायद्याचा आधार नसलेली परीक्षा नुसत्या शासन निर्णयाने लादता येत नाही. वर्गात शिक्षक म्हणाला ‘उद्या चाचणी’ की चाचणी होते. मंत्रालयात ‘हा अधिकार कुठल्या कलमाखाली?’ हे आधी विचारावं लागतं आणि ते सांगायचं काम सचिवाचं असलं तरी ऐकायचं काम मंत्र्याचं असतं.

प्रश्न : मंत्री स्वतः शिक्षक होते, माझ्या बदलीच्या अर्जावर त्यांनी माझ्यासमोर सही केली. आठ महिने झाले, काहीच नाही. — जिल्हा परिषदेची एक शिक्षिका

दोन गोष्टी बघा. आधी शेरा वाचा. ‘उचित कार्यवाहीस्तव’ म्हणजे पुढे पाठवलं, इतकंच. ‘नियमानुसार तपासून सादर करावे’ म्हणजे फाइल बनवून परत आणा, मग बघू. ‘मान्य’ हा शब्द असेल तर गोष्ट वेगळी, पण अनुभवी मंत्री तो शब्द सुट्या अर्जावर सहसा लिहीत नाहीत. तो येतो टिपणीवर. कक्ष अधिकारी, अवर सचिव, उपसचिव, सचिव अशा सह्या होऊन फाइल वर आल्यावर.

दुसरं, अर्ज चुकीच्या दारात गेला असावा. जिल्हा परिषद शिक्षकांच्या बदल्यांचं धोरण ग्रामविकास विभागाचं. शालेय शिक्षणमंत्री पुस्तकं, परीक्षा, संचमान्यता (शाळेतल्या शिक्षकपदांची मंजुरी), पवित्र पोर्टलवरची शिक्षकभरती बघतात. महाविद्यालयं उच्च व तंत्रशिक्षणाकडे, शासकीय आश्रमशाळा आदिवासी विकासाकडे. शिक्षक म्हणून एकच वाटणारी जमात मंत्रालयात चार मजल्यांवर विभागलेली आहे.

आता करायचं काय? मंत्री कार्यालयातून अर्जाचा आवक क्रमांक घ्या, तो कोणत्या कार्यासनाकडे (विभागातल्या शाखेकडे) गेला ते विचारा. शासन निर्णयाच्या क्रमांकाच्या शेवटी ‘टीएनटी-१’ अशी अक्षरं असतात, ते कार्यासन. तिथून तो ग्रामविकासकडे हस्तांतरित झाला का, कोणत्या तारखेला, हे लेखी विचारा. बदल्यांचं विनियमन आणि दिरंगाई प्रतिबंध करणारा २००५ चा कायदा सांगतो की एका कर्मचाऱ्याकडे नस्ती (फाइल) सात कामकाजाच्या दिवसांपेक्षा जास्त राहू नये. दुसऱ्या विभागाकडे पाठवायची गरज नसेल तर एकूण ४५ दिवस, असेल तर तीन महिने. तुमचे आठ महिने दोन्हींत बसत नाहीत. पत्रात हे कलमासह लिहा, ते कलम १० आहे. आणि जिल्ह्याच्या ऑनलाइन बदली प्रक्रियेत अर्ज भरला नसेल, तर या सगळ्याचा उपयोग नाही. आधी तो भरा.

प्रश्न : आमदार नसलेल्या प्राचार्यांना थेट मंत्री करता येतं का? आणि एकूण मंत्री किती असू शकतात?

येतं. अनुच्छेद १६४(४) प्रमाणे सहा महिने. तेवढ्यात विधानसभेत किंवा परिषदेत निवडून यावं लागतं, नाही तर पद जातं. सहा महिने संपताना राजीनामा देऊन, निवडून न येताच त्याच विधानसभेच्या काळात पुन्हा शपथ घ्यायची युक्ती पंजाबात झाली होती; सर्वोच्च न्यायालयाने २००१ मध्ये ती घटनाबाह्य ठरवली. उद्धव ठाकरे यांनी २८ नोव्हेंबर २०१९ ला शपथ घेतली तेव्हा ते कोणत्याच सभागृहात नव्हते. मे २०२० मध्ये मुदत संपायला थोडे दिवस उरले असताना परिषदेवर बिनविरोध निवडून आले.

संख्या विधानसभेच्या १५ टक्के, मुख्यमंत्री धरून. २८८ चे १५ टक्के ४३.२, म्हणून ४३. राज्यमंत्रीही त्यातच मोजायचे.